कोरडी सुई: घेण्याआधी, घेताना आणि घेतल्यावर

चैत्राच्या सुमारास साखर कारखान्यांचा पट्टा पडतो, म्हणजे गाळप संपतं, ऊसतोड कामगार गावाकडे परततात आणि पाच-सहा महिने अंगावर काढलेली दुखणी घेऊन दवाखान्यात येतात. मी बीड जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी फिजिओथेरपीची प्रॅक्टिस करते. अशाच एका चैत्रात आलेल्या मावशींनी माझ्या हातातली केसासारखी बारीक सुई पाहून विचारलं होतं, "सुई हाय, पण औषीद कुठंय ताई?"

औषध नव्हतंच. म्हणून तर हिला कोरडी सुई म्हणतात; दवाखान्याच्या बोर्डावर 'ड्राय नीडलिंग' असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे सुई म्हटलं की इंजेक्शन, आणि इंजेक्शन म्हटलं की दुखणं तिथल्या तिथे थांबलं पाहिजे अशी समजूत. या समजुतीने माणूस कोरडी सुई घ्यायला आला तर त्याची निराशा होते. सुई दुखऱ्या स्नायूला काही दिवस सैल करते. त्या दिवसांत त्या स्नायूकडून योग्य व्यायाम करून घेतला तर गुण टिकतो, नाहीतर पंधरा दिवसांत दुखणं मूळपदावर येतं. हे शेकडो पेशंटमध्ये पाहिलं आहे, म्हणून हा लेख सुईपेक्षा तिच्या आधीच्या आणि नंतरच्या गोष्टींवर जास्त आहे.

सुई नेमकं काय करते

सततच्या ओझ्याने, एकाच स्थितीत तासन् तास काम केल्याने किंवा अचानक ताण बसल्याने स्नायूतले काही तंतू आखडतात आणि आखडलेलेच राहतात. बोटाने चाचपलं तर स्नायूत एक ताणलेली दोरी लागते आणि तिच्यावर वाटाण्याएवढी दुखरी गाठ. हिला ट्रिगर पॉइंट म्हणतात. तिथला रक्तपुरवठा आवळला जातो, प्राणवायू कमी पडतो, वेदना जागवणारी द्रव्यं साचतात, आणि त्यामुळे तंतू आणखी आखडतात. बारीक, भरीव सुई नेमकी त्या गाठीत गेली की स्नायू क्षणभर आपोआप उडतो. म्हशीच्या पाठीवर माशी बसल्यावर कातडी थरथरते ना, अगदी तसा. त्यानंतर बहुतेकांना ती जागा हलकी वाटते, हालचाल वाढते. सुईमुळे मज्जारज्जू आणि मेंदूच्या पातळीवरही वेदना कमी करणारी यंत्रणा जागी होते.

ही रीत फार जुनी नाही. अमेरिकेत जॅनेट ट्रॅव्हेल यांनी (केनेडी राष्ट्राध्यक्ष असताना त्या व्हाइट हाउसच्या डॉक्टर होत्या) अशा गाठींत भूल देणारं औषध टोचून वेदना कमी होते हे दाखवलं. पुढे १९७९ मध्ये चेकोस्लोव्हाकियातले डॉक्टर कारेल लेविट यांनी २४१ रुग्णांचा अनुभव मांडला: औषधाशिवाय नुसती सुईही काम करते. त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. नंतरच्या अभ्यासांतून जे चित्र दिसतं ते असं की काही आठवड्यांपुरता आराम बऱ्याच जणांना मिळतो, पण लांब पल्ल्याचा गुण नुसत्या सुईने मिळतोच असं नाही.

अ‍ॅक्युपंक्चरची सुई आणि ही सुई दिसायला सारखीच असते, विचार मात्र वेगळा. तिथे पारंपरिक चिनी वैद्यकातल्या मार्गांवरचे बिंदू निवडतात, इथे स्नायू चाचपून सापडलेली गाठ. आयुर्वेदातलं सुई टोचण्याचं विद्धकर्म हेही वेगळं. दवाखान्यात गेल्यावर आपल्याला यातलं काय देणार आहेत हे सरळ विचारावं.

दुखणं या सुईचं आहे का

मान धरली, खवाट्यात ठणकतंय, कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ येते, कंबरेत चमक भरते, पोटरीत गोळे येतात, अशा दुखण्यांत स्नायूच्या गाठी असण्याची शक्यता बरीच. दाबल्यावर "हां, हेच ते, हेच दुखतं" असं तुमच्या तोंडून निघालं तर ती मोठी खूण.

पण काही दुखण्यांत सुईचा विचारही करू नये. छातीत दाबल्यासारखं होऊन डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जाते, घाम फुटतो, तर आधी हॉस्पिटल. कंबरदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा सुटला, बसण्याच्या जागेला बधिरपणा आला किंवा पायातली ताकद कमी होत चालली, तर त्याच दिवशी तज्ज्ञ डॉक्टर गाठा, उद्यावर टाकू नका. संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं आणि रात्री झोप मोडणारी पाठदुखी असेल तर मणक्याचा टीबी आहे का हे पाहावंच लागतं; आपल्या भागात तो दुर्मीळ नाही. सांधा लाल, गरम होऊन सुजला असेल, किंवा सकाळी उठल्यावर बोटं तासभर वळतच नसतील, तर ते संधिवाताच्या डॉक्टरांचं काम. पडझड, अपघात झाला असेल तर एक्स-रेआधी कुणालाही हात लावू देऊ नका. पूर्वी कॅन्सर झालेला असेल तर नवीन दुखणं अंगावर काढू नका.

कुणाकडून घ्यायची

फिजिओथेरपीची पदवी, राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा नोंदणी क्रमांक, आणि वर ड्राय नीडलिंगचं वेगळं प्रशिक्षण, या तिन्ही गोष्टी विचाराव्यात. विचारल्यावर ज्याला राग येतो त्याच्याकडून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन दिवसांचं शिबिर करून दुसऱ्या आठवड्यात मानेत आणि बरगड्यांवर सुया घालणारे मी पाहिले आहेत. बरगडीखाली फुफ्फुस असतं. हात बसलेला नसेल तर तिथे चूक होऊ शकते आणि ती महाग पडते.

सुईचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे. एक सुई एका माणसाला, एकदाच. धुऊन, उकळून, स्पिरिटने पुसून परत वापरणं चालत नाही. वापरलेली सुई टोचली जाणार नाही अशा पांढऱ्या, अर्धपारदर्शक डब्यात जाते. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत तसं सांगितलेलं आहे. खोलीत शिरल्यावर तो डबा दिसतो का ते पाहा. बायकांनी हेही ध्यानात ठेवा की लागेल तेवढाच भाग उघडा ठेवून बाकी अंगावर चादर हवी, आणि सोबतची बाई आत बसवायला कुणी नाही म्हणता कामा नये.

घरी सुई टोचून घेणं तर नकोच. ऑनलाइन सुया मिळतात, व्हिडिओही मिळतात, पण कातडीखाली कुठे नस आहे आणि कुठे फुफ्फुस, हे व्हिडिओत बघून हाताला कळत नाही.

सांगायच्या गोष्टी

रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का, हे सगळ्यात आधी सांगा. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन अशी नावं गोळीच्या पाकिटावर असतात. पाकीटच घेऊन या. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. साखर किती आहे, गरोदरपण, पेसमेकर, सांध्यात बसवलेली रॉड किंवा कृत्रिम सांधा, कॅन्सरच्या ऑपरेशननंतर सुजलेला हात, पूर्वी सुई पाहून आलेली चक्कर, हे सगळं सांगायचं. सुईची भीती वाटत असेल तर तेही. भीती असेल तर नाही म्हणायचा पूर्ण हक्क आहे, आणि दाब देऊन, शेकून, व्यायामाने उपचार होतातच.

आणि काही खाऊन या. सुरुवातीच्या वर्षांत मी एका तरुणाला स्टुलावर बसवून मानेला सुई दिली. चतुर्थीचा उपवास होता, पोटात सकाळपासून चहाशिवाय काही नव्हतं. त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. डोळ्यांपुढे अंधारी येऊन तो पुढे कोसळला. मी धरलं म्हणून डोकं टेबलाच्या कोपऱ्यावर आपटलं नाही. चूक माझी होती. तेव्हापासून मी पहिला प्रश्न "आज उपवास आहे का?" हाच विचारते आणि सुई फक्त झोपवूनच देते. तुम्हाला कुणी बसवून सुई देत असेल तर "मी झोपूनच घेईन" असं सांगा.

तपासणी, म्हणजे अर्धा उपचार

सुरुवातीला उल्लेख केलेल्या मावशींकडे परत येते. त्यांचा उजवा खांदा पुढून दुखत होता, कळ दंडातून खाली जायची. उजव्या कुशीवर झोपता येत नव्हतं. हात मागे नेऊन अंबाडा बांधायला सून लागायची. गावात खांद्याच्या पुढच्या बाजूला दोन इंजेक्शनं घेऊन झाली होती, तेल चोळून झालं होतं. "नस दबलीय" असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

मी त्यांना काम कसं करता ते करूनच दाखवायला सांगितलं. तोडलेल्या उसाची मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची, उजव्या हाताने सावरत फळीवरून ट्रकवर चढायचं, दिवसातून कितीतरी वेळा. मग खवाटा चाचपला. खवाट्याच्या हाडावर मध्ये एक आडवी कड लागते. तिच्या खाली एक पसरट स्नायू आहे, इन्फ्रास्पायनेटस. त्याच्या मधोमध बोट ठेवून दाबल्याबरोबर मावशी म्हणाल्या, "अगं बाई, तू मागं दाबतीस आन् कळ पुढं कशी जातीय?"

या स्नायूचं वागणंच असं आहे. गाठ मागे, दुखणं पुढे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते ती इथेच. कुल्ल्यातल्या एका छोट्या स्नायूची कळ मांडीच्या बाहेरून घोट्यापर्यंत जाते आणि माणूस सायटिका समजून एमआरआय काढून येतो. खांद्याच्या वरच्या स्नायूची गाठ कपाळाच्या बाजूला डोकेदुखी उठवते. लातूरला अभ्यासिकेत दिवसभर मान खाली घालून बसणाऱ्या पोरांमध्ये ही सर्रास सापडते. म्हणून दुखतं त्या जागी लगेच सुई घालणाऱ्यापेक्षा वीस मिनिटं हालचाली तपासणारा, ताकद बघणारा, कामाची चौकशी करणारा माणूस शोधा. सुई देण्याआधी हात किती वर जातो, मान किती वळते हे मोजून लिहायला सांगा. नंतर फरक पडला की नाही हे अंदाजाने ठरवायचं नसतं.

प्रत्यक्ष सुई

कातडी निर्जंतुक द्रवाने पुसतात, ती सुकू देतात. सुईची जाडी ०.२५ ते ०.३० मिलिमीटर, दंडात देतात त्या नेहमीच्या इंजेक्शनच्या सुईची साधारण ०.६ मिलिमीटर असते, शिवाय ती पोकळ आणि टोकाला कापणारी. म्हणून कोरडी सुई कातडीतून जाताना मुंगी चावल्याइतकीही जाणवत नाही. लांबी स्नायूच्या खोलीप्रमाणे, मानेजवळ २५ मिलिमीटर तर कुल्ल्यात ६० किंवा त्याहून जास्त.

खरी जाणीव गाठीत शिरल्यावर होते. स्नायू उडतो, एक बोथट, खोलवरची कळ येते, कधी ती नेहमीच्या दुखण्याच्या वाटेनेच पसरते. हे सगळं काही सेकंदांचं. सुई थोडी मागे-पुढे करून दोन-चारदा स्नायू उडवतात आणि काढतात. काही वेळा ती दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेवतात किंवा बारीक विजेचा प्रवाह जोडतात (पेसमेकर असलेल्यांना हे करत नाहीत). अंग ढिलं सोडून पडा, हलू नका, श्वास कोंडू नका. विजेचा झटका बसल्यासारखी तीव्र, चिरत जाणारी कळ आली तर लगेच सांगा. सुई नसेजवळ असू शकते आणि ती काढावी लागते. पाहिजे तेव्हा "थांबा" म्हणा. सुई काढल्यावर कापसाने अर्धा-एक मिनिट दाबून धरतात, म्हणजे रक्त साकळत नाही.

मावशींच्या स्नायूने तिसऱ्या वेळी इतकी जोराची उसळी मारली की त्या घाबरून हसायलाच लागल्या. उठल्यावर हात मागे नेऊन पाहिला. अंबाड्यापर्यंत पोचला नाही, पण आधीपेक्षा चार बोटं वर गेला.

पहिले दोन दिवस

सुई घेतलेली जागा दिवसभर, फार तर दोन दिवस दुखते. जास्त व्यायाम केल्यावर दुखतं तसं. क्वचित निळसर डाग पडतो, आठवड्यात जातो. कोमट पाण्याच्या पिशवीने शेका, हात-पाय हलके हलवत राहा, अंथरूण धरू नका. लागलीच तर पॅरासिटामॉल चालते. त्या जागी रगडून मालिश नको. पहिले २४ तास जड ओझं नको, आणि त्या दिवशी फवारणीचा पंप पाठीवर घेऊ नका.

मान, खांदा, पाठ किंवा छातीजवळ सुई घेतल्यानंतर दम लागला, श्वास घेताना छातीत टोचलं, कोरडा खोकला सुरू झाला तर थेट हॉस्पिटलला जा आणि सुई घेतल्याचं सांगा. फुफ्फुसाभोवती हवा शिरल्याची ती लक्षणं असतात. हे फार क्वचित होतं, पण काही तासांनीही जाणवू शकतं. सुईच्या जागी वाढती लाली, गरमपणा, पू किंवा ताप आला तरी थांबू नका.

व्यायाम इथून सुरू होतो

स्नायू सैल झाला म्हणजे तो दमदार झाला असं नाही. उलट बरेच महिने दुखत असलेला स्नायू अशक्त झालेला असतो, म्हणून तर तो परत आखडतो. व्यायाम त्याच दिवशी हलक्या हालचालीने सुरू होतो आणि दोन-तीन दिवसांनी ताकदीचा.

मावशींना मी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून दिली. पट्टीचं एक टोक खिडकीच्या गजाला, कोपराच्या उंचीवर बांधायचं. दुखरा हात गजाच्या विरुद्ध बाजूला येईल असं आडवं उभं राहायचं, कोपर काटकोनात वाकवून कमरेला चिकटवायचं, कोपर आणि बरगडीच्या मध्ये टॉवेलची घडी. टॉवेल पडू न देता मनगट हळू बाहेर न्यायचं, तीन आकडे मोजायचे, सावकाश परत आणायचं. दहा-दहाच्या तीन फेऱ्या, एक दिवसाआड. करताना थोडं दुखलं तरी चालतं, दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं नको. वाढलं तर फेऱ्या कमी करा, बंद करू नका.

घरी गाठीवर काम करायचंच असेल तर रबरी चेंडू वापरा. भिंत आणि खवाट्याच्या मध्ये धरून अर्धा मिनिट हलका दाब द्यायचा, जागा बदलत तीन-चारदा. मणक्यावर नाही, मानेच्या पुढच्या बाजूला तर कधीच नाही.

मग कामाची पद्धत. मोळी हलकी बांधा म्हणणं सोपं आहे. मजुरी टनावर मिळते, उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फिटायची असते, आणि हे मला ठाऊक असताना मी तसं सांगून मोकळी होऊ शकत नाही. म्हणून करता येण्यासारखं सांगते: सावरणारा हात आलटून-पालटून वापरा, मोळी डोक्यावर घेताना जोडीदाराची मदत घ्या. कापूस वेचताना कमरेची ओटी पूर्ण भरेपर्यंत थांबू नका, अर्ध्यावर रिकामी करा, आणि ओळ संपली की कंबर सरळ करून दोन्ही हात वर ताणा. फवारणीचा पंप दोन्ही खांद्यांवर, पट्टे आवळून.

गुडघ्यासाठी वेगळं

झिजलेल्या गुडघ्याची कूर्चा सुईने भरून येत नाही. तसं कुणी सांगत असेल तर तिथून उठा. सुईचा उपयोग होतो तो गुडघ्याभोवतीच्या मांडीच्या आणि पोटरीच्या आखडलेल्या स्नायूंवर. ते सैल झाले की जिना उतरणं, खाली बसून उठणं थोडं सोपं होतं. सांध्याच्या आत सुई घालायची नसते. यासोबत बाजेवर बसून पाय सरळ करून पाच आकडे धरणं, आणि हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठणं-बसणं, रोज दहा-दहा वेळा. खांदा जखडलेला असेल तर आधी साखर तपासा, मधुमेहात हा त्रास जास्त होतो आणि बरा व्हायला महिने लागतात; एकट्या सुईने तो सुटत नाही.

किती वेळा, आणि कधी

साधारण आठवड्यातून एकदा. तीन वेळा घेऊनही मोजलेल्या हालचालीत, झोपेत किंवा कामात फरक नसेल तर चौथी घेण्याआधी निदान परत तपासा. गुण येत असेल तर पाच-सहा वेळांत सुईचं काम संपायला हवं. वीस बैठकांचे पैसे आधीच भरून घेणारं पॅकेज घेऊ नका.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी दिवाळीच्या तोंडावर येऊ नये. तेव्हा एखादी सुई देऊन मी हात सैल करून देईन, पण व्यायामाला आठवडे कुठून आणायचे? चैत्र-वैशाखात या, म्हणजे स्नायू दमदार व्हायला हाताशी सहा महिने राहतात. सोयाबीन-कापसावर राबणाऱ्यांसाठी उन्हाळाच बरा.

मावशींना चार सुया लागल्या. जूनमध्ये त्या अंबाडा स्वतः बांधून आल्या. कार्तिकात जाताना ट्यूबची नवीन पट्टी कापून मागितली. तिथल्या झोपडीच्या, कोपीच्या मेढीला बांधीन म्हणाल्या.